आवाज वाढवावा, पण हिशेबाने

नवी मोटार घेताना व्यापारी कुटुंबात सरासरी, हप्ता, विमा आणि पुनर्विक्रीची किंमत या चार गोष्टींची कसून चौकशी होते. दारातील स्पीकर कसे आहेत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शोरूममध्ये गाडी उभी असते, काचा बंद असतात आणि इंजिन थांबलेले असते. अशा शांततेत कोणतेही संगीत गोड लागते. खरी परीक्षा पहिल्या लांबच्या प्रवासात होते. ताशी नव्वदच्या वेगात टायरांची घरघर, वाऱ्याचा झोत आणि वातानुकूलनाचा पंखा हे सारे मिळून गाण्यावर मात करतात. आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले तरी शब्द कळत नाहीत, उलट आवाज फाटू लागतो. मग घरातील तरुण मंडळी म्हणतात, "सगळंच बदलून टाकू." वडीलधारी म्हणतात, "कंपनीनं दिलंय ते काय वाईट आहे?" दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात थोडे तथ्य असते. हिशेब मात्र कोणीच मांडलेला नसतो.

बार्शीकडचे एक आडत व्यापाऱ्याचे कुटुंब नजरेसमोर आणावे. वडील तुरीच्या व्यवहारात मुरलेले, मुलगा नुकताच दुकानात बसू लागलेला आणि घरात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. गाडी लहान, तीन वर्षांपूर्वी घेतलेली, पडद्याचा स्टिरिओ आणि चार दारांत चार स्पीकर असलेली. सोलापूरला दर आठवड्याला आणि पुण्याला महिन्यातून एकदा फेरी ठरलेली. आजींना प्रवासात जुनी भावगीते ऐकण्याची हौस. मागच्या आसनावरून त्या वारंवार म्हणत, "काही ऐकू येत नाही." मुलाने आवाज वाढवला की लगेच म्हणत, "अरे, कान फुटतील, कमी कर." मुलाला हे कोडे उलगडेना. गाडीचा स्टिरिओच दुबळा आहे, असा निष्कर्ष काढून त्याने वडिलांकडे पैसे मागितले. वडिलांनी परवानगी दिली, पण अट घातली, "वीस हजारांच्या वर एक रुपया मागायचा नाही, आणि जे करशील त्याचं बिल दाखवायचं."

पहिल्या दुकानदाराने स्टिरिओसह सर्व बदलण्याचा बेचाळीस हजारांचा अंदाज दिला. तो परवडणारा नव्हता. तेव्हा "निदान पुढचे स्पीकर तरी बदला," असे म्हणत त्याने ३५० वॅट छापलेली जोडी साडेपाच हजारांत बसवून दिली. गाडी घराकडे निघाली आणि मुलाच्या लक्षात आले की आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. त्या रात्री आजींनी दिलेला अभिप्राय घरात नंतर बरेच दिवस गाजला, "ढोल ऐकू येतो रे, गाणारा कुठं गेला?"

साडेपाच हजार खर्चून आवाज कमी कसा झाला, हे समजले म्हणजे या विषयातील निम्मे अज्ञान दूर होते.

डब्यावरचे वॅट आणि पदरात पडणारे वॅट

स्टिरिओच्या जाहिरातीत '५० वॅट गुणिले ४' असे लिहिलेले असते. वाचणारा २०० वॅट धरून चालतो. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. सतत आणि स्वच्छ मिळणारी शक्ती 'आर.एम.एस.' या नावाने दिलेली असते आणि ती बारीक अक्षरांत शोधावी लागते. ती प्रत्येक स्पीकरला साधारण १८ ते २० वॅट एवढीच भरते. यामागे साधे कारण आहे. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. स्टिरिओमधील शक्तिवर्धक चिपला त्याच मर्यादेत काम करावे लागते. चार ओहमच्या स्पीकरवर या दाबातून गणिताने जास्तीत जास्त २६ वॅट निघतात आणि चिपमधील घट वजा जाता वीसच्या आत राहतात.

ज्यांना सूत्रे नकोशी वाटतात त्यांनी फ्यूज पाहावा. स्टिरिओचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १५ अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे २१६ वॅट. एवढी वीज आत येते आणि तिच्यातील निम्म्याच्या आसपास भाग उष्णतेत जातो. उरलेल्यात चार स्पीकर वाटेकरी असतात. जमेपेक्षा खर्च अधिक दाखवणारी वही कोणताही व्यापारी मान्य करत नाही. डब्यावरचा २०० वॅटचा आकडाही त्याच कसोटीवर तपासावा.

स्पीकरवर छापलेले ३५० वॅट हा तर वेगळाच प्रकार आहे. स्पीकर स्वतः वीज निर्माण करत नाही. तो किती वॅटपर्यंतचा मारा सहन करेल, एवढेच तो आकडा सांगतो. दहा टन पेलणाऱ्या मालमोटारीत दोनच पोती टाकली तर गाडी मोठी म्हणून माल वाढत नाही. १८ वॅट देणाऱ्या स्टिरिओला ३५० वॅटचा स्पीकर जोडला, तरी त्याला १८ वॅटच मिळतात.

कानाचे गणित वेगळे आहे

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप सरळ व्याजासारखे चालत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला कळतो, पण फार मोठा वाटत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि तेवढ्यासाठी शक्ती दसपट करावी लागते. म्हणजे २० वॅटवरून ४० वॅटवर गेल्याने गाडी दणाणून जाईल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

येथेच स्पीकरच्या माहितीपत्रकातील एका दुर्लक्षित ओळीचे मोल कळते. ती ओळ 'सेन्सिटिव्हिटी'ची, म्हणजे संवेदनक्षमतेची. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, ते ती सांगते. गाडीबरोबर येणारे स्पीकर दिसायला सामान्य असतात, पण त्यांचा कागदी पडदा हलका असल्याने ते थोड्या विजेवरही मोकळे वाजतात. बाजारातील जास्त वॅट सोसणाऱ्या अनेक स्पीकरांचा पडदा आणि कॉइल जड असते. त्यांना हलवायलाच अधिक शक्ती लागते.

बार्शीच्या गाडीत हेच घडले होते. मूळ स्पीकर ९० डेसिबलचे आणि नवे ८७ डेसिबलचे धरले, तर त्याच स्टिरिओवर आवाज ३ डेसिबलने खाली येतो. स्टिरिओची निम्मी शक्ती काढून घेतल्यासारखाच हा तोटा आहे. तोच मुलगा ९१ डेसिबलची जोडी घेता, तर १८ वॅटवर त्याला जवळपास १०३.५ डेसिबल मिळाले असते. ८७ डेसिबलच्या जोडीतून तेवढा आवाज काढायला सुमारे ५० वॅटचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. ५० वॅटवर तिचा आवाज १०४ डेसिबल भरतो. एका ओळीकडे दुर्लक्ष झाले आणि एका अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च अंगावर आला.

माहितीपत्रक वाचताना एक सावधगिरी बाळगावी. काही कंपन्या हे माप १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर देतात. चार ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या दाबाने २ वॅट जातात, म्हणून आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो. दोन जोड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच मापावर आणावेत.

बिनखर्चाची पायरी

खिशात हात घालण्यापूर्वी अर्धा तास गाडीत बसून काही गोष्टी तपासल्या, तर पुष्कळदा पुढचा खर्च टळतो. ब्लूटूथवरून गाणी वाजत असतील तर फोनचा स्वतःचा आवाज पूर्ण आहे ना, हे पाहावे. फोनचा आवाज अर्धा ठेवून स्टिरिओ पूर्ण फिरवणारे लोक थोडे नाहीत. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये सर्व गाण्यांची पातळी समान करणारी सोय असते. ती चालू असल्यास आवाज काहीसा उतरतो. स्टिरिओतील 'फेडर' पुढच्या व मागच्या, तर 'बॅलन्स' डाव्या व उजव्या स्पीकरांत आवाज वाटून देतो. ही दोन्ही बटणे कोठे सरकली आहेत तेही पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा दोष तारांच्या उलटसुलट जोडणीचा असतो. एका दारातील स्पीकरच्या धन व ऋण तारा अदलाबदल झाल्या, तर एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढतो. खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. याची परीक्षा सोपी आहे. खर्ज भरपूर असलेले गाणे लावून बॅलन्स मधोमध ठेवावा आणि नंतर एका बाजूला सरकवावा. एका बाजूला नेल्यावर खर्ज वाढल्यासारखा वाटला, तर कोठेतरी तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे. स्पीकर बाहेर काढलेला असेल तर दीड व्होल्टचा साधा सेल त्याच्या टोकांना क्षणभर लावावा. धनाला धन जुळले की पडदा बाहेर येतो, उलट जुळले तर आत जातो.

खर्जाचे बटणही थोडे खाली घ्यावे. दारातील साडेसहा इंची स्पीकरवर सर्वांत अधिक ताण अगदी खालच्या स्वरांचा पडतो आणि आवाज फाटतो तो बहुधा तेथेच. तो भार काढून घेतला की उरलेले गाणे अधिक मोठ्याने आणि स्वच्छ वाजते. स्टिरिओमध्ये 'हाय पास' फिल्टर असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा. नसेल तर प्रत्येक स्पीकरच्या धन तारेत सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर बसवला, तरी चार ओहमवर १०० हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाने कमी होत जातात. हा खर्च किरकोळ असतो.

दार हीच स्पीकरची पेटी

घरातील स्पीकरला लाकडी पेटी असते. गाडीत ते काम दाराला करावे लागते आणि दार म्हणजे भोके असलेला पातळ पत्रा. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो, तितकीच मागेही ढकलतो. मागची लहर दाराच्या भोकांतून आणि फटींतून पुढच्या लहरीला येऊन मिळाली, की दोघींची वजाबाकी होते आणि खर्ज नाहीसा होतो. शिवाय पत्रा थरथरतो आणि डोअर पॅड खडखडते. नवे स्पीकर घेण्याआधी दार सुधारणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली ब्युटिल रबराची डॅम्पिंग शीट मिळते. बाहेरच्या पत्र्याला आतून ती चिकटवावी आणि आतील पत्र्याची मोठी भोके तिनेच बंद करावीत. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. मोक्याच्या जागी लावलेली शीटही थरथर बरीच आवरते. स्पीकरखाली घट्ट बसणारी रिंग आणि पुढच्या कडेला फोमची पट्टी दिली, म्हणजे आवाज डोअर पॅडच्या आत घुमण्याऐवजी जाळीतून बाहेर येतो. या कामाचा दुसरा लाभ असा, की रस्त्याची घरघरही थोडी घटते. आजूबाजूचा गोंगाट कमी झाला की तेवढाच आवाज अधिक स्पष्ट वाटतो.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती बुजली तर पावसाळ्यात दारात पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो. दुसरे असे, की काही गाड्यांच्या दारात बाजूच्या धडकेची जाणीव घेणारे संवेदक असतात आणि आसनाखालून एअरबॅगच्या तारा जातात. एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांना हात लावू नये आणि शंका असल्यास आधी सेवा केंद्रात विचारावे.

विजेचे काम स्वस्तात उरकू नये

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा असेल तर मूळ स्टिरिओ काढण्याची गरज नसते. आजच्या गाड्यांत मागचा कॅमेरा, स्टीअरिंगवरील बटणे आणि गाडीच्या अन्य सूचना त्याच पडद्याशी जोडलेल्या असतात. स्पीकरच्या तारांमधूनच संदेश घेणारे, म्हणजे 'हाय लेव्हल इनपुट' असलेले लहान चार चॅनेलचे अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. ते मूळ स्टिरिओवरच चालतात. जोडणी गाडीच्या तारा कापून न करता कपलर वापरून करावी. तार कापलेली दिसली की विद्युत भागांच्या वॉरंटीवरून वाद उभा राहतो आणि गाडी विकताना पूर्वस्थितीत आणणेही अवघड जाते.

बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत येणारी मुख्य तार हा या सर्व कामातील सर्वांत धोक्याचा भाग आहे. तिच्यावर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. हा फ्यूज प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो. तार कोठे घासून पत्र्याला टेकली आणि वाटेत फ्यूज नसला, तर बॅटरीची सारी शक्ती तिच्यातून वाहते आणि गाडीला आग लागू शकते. इंजिनाकडून आत येताना तार रबरी ग्रोमेटमधूनच घ्यावी. चार चॅनेलना प्रत्येकी ५० वॅट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ८ गेजची तांब्याची तार आणि ३० अँपिअरच्या आसपासचा फ्यूज लागतो. नेमका आकडा अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही त्याच जाडीच्या नावाने विकली जाते. ती तेवढा प्रवाह वाहू शकत नाही. ब्लेडने टोक खरवडले आणि आत पांढरे दिसले, तर ती परत करावी.

अर्थिंगची तार आखूड ठेवून रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवावी. ती सैल राहिली तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. अ‍ॅम्प्लिफायरवरील 'गेन' हे आवाजाचे बटण नव्हे. स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून गेन हळूहळू वाढवावा, फाटल्याचा भास होताच थोडा मागे घ्यावा आणि नंतर त्याला हात लावू नये. कुवतीबाहेर ताणलेला लहान अ‍ॅम्प्लिफायर फाटका आवाज देतो आणि त्या आवाजाने आधी ट्वीटर जळतात.

इंजिन बंद ठेवून संगीत वाजवण्याची सवय असल्यास बॅटरीचाही विचार करावा. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. तिच्यातून १० अँपिअर खेचले जात राहिले, तर दोन तासांत ती निम्म्याहून खाली जाते आणि नंतर गाडी सुरू होईलच याची खात्री राहत नाही.

बार्शीचा ताळेबंद

मुलगा पुढच्या आठवड्यात सोलापूरला एका जुन्या फिटरकडे गेला. त्याने आल्या आल्या माल दाखवला नाही. त्याने विचारले, "शेठ, गाडीत मागं कोण बसतं?" आजी बसतात असे कळल्यावर तो स्वतः मागच्या आसनावर जाऊन बसला आणि मुलाला गाणे लावायला सांगितले. पाच मिनिटांत दोन दोष निघाले. डाव्या नव्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या होत्या, आणि नवी जोडी उठून दिसावी म्हणून आधीच्या दुकानदाराने फेडर पूर्णपणे पुढे सरकवला होता. मागचे मूळ स्पीकर जवळजवळ मुके झाले होते. आजींना गाणारा सापडत नव्हता, यात नवल काहीच नव्हते.

पुढचा खर्च असा झाला. पुढच्या दोन दारांची डॅम्पिंग शीट २,८०० रुपये, रिंग व फोम ६००, चार चॅनेलचा लहान अ‍ॅम्प्लिफायर ७,२००, फ्यूजसह वायरिंग किट १,६०० आणि मजुरी १,५००. बेरीज १३,७००. आधीचे साडेपाच हजार मिळवून १९,२०० रुपये. वीस हजारांतून ८०० रुपये शिल्लक राहिले आणि ते बिलांसह वडिलांच्या हाती आले.

वडिलांनी बिले पाहिली आणि व्यापाऱ्याला शोभेल असा प्रश्न विचारला, "पहिल्यापासून नीट केलं असतं तर किती लागले असते?" फिटरने सांगितलेले आकडे मुलाने मांडले. दारांचे काम ३,४००, चांगल्या संवेदनक्षमतेचे साधे कोअॅक्सियल स्पीकर ३,००० आणि मजुरी १,०००, एकूण ७,४०० रुपये. अ‍ॅम्प्लिफायरमुळे मोठ्या आवाजातही मिळणारा मोकळेपणा त्यात पूर्ण आला नसता, पण कुटुंबाच्या प्रवासाला ते पुरले असते. ११,८०० रुपये जास्त गेले ते क्रम चुकल्यामुळे. आधी दोष शोधावा, मग दार सुधारावे, मग संवेदनक्षम स्पीकर घ्यावेत आणि एवढ्यावर भागले नाही तरच अ‍ॅम्प्लिफायरकडे वळावे. आसनाखाली मावणारा वूफर सर्वांत शेवटी येतो. त्याने खर्ज भरतो, पण शब्द स्पष्ट होत नाहीत. डब्यावरचे भाव शहरागणिक बदलतील, क्रम बदलणार नाही.

हा खर्च दुकानाच्या खात्यात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. गाडी घरची आणि हौस घरची असेल, तर नोंद उचल खात्यातच व्हावी. बिल जीएसटीसह पक्के घ्यावे, कारण वॉरंटीला त्याचाच आधार असतो. बाहेरून बसवलेल्या विद्युत साहित्याची किंमत विमा कंपनीला कळवून पॉलिसीत वेगळी नोंदवून घ्यावी. त्यासाठी आय.एम.टी. २४ या क्रमांकाची जोड असते आणि थोडा अधिक हप्ता भरावा लागतो. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातानंतर त्या साहित्याची भरपाई मागता येत नाही.

किती आवाज पुरे?

साधन हाती आले की ते पूर्ण ताकदीने वापरावेसे वाटते. कानाला मात्र मर्यादा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत ही कामाच्या ठिकाणांसाठी अनेकदा वापरली जाणारी मर्यादा आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. बंद गाडीत १०० डेसिबल गाठणे अवघड नसते. लहान मुले मागे बसलेली असताना हा हिशेब विशेष लक्षात ठेवावा. रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या वाहनाचा हॉर्न चालकाला ऐकू आलाच पाहिजे, हेही त्यात आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गल्लीत उभ्या गाडीचा वूफर ती सहज ओलांडतो, आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून जातो तो खर्जच.

आजींच्या तक्रारीचे कोडे शेवटी कानांच्या डॉक्टरांकडे उलगडले. वयोमानाने श्रवणशक्ती उतरते ती प्रथम वरच्या स्वरांत. स, श, च, ट यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि बोलणे ऐकू येऊनही शब्द कळत नाहीत. त्याच कानांना मोठा आवाज मात्र तरुणांपेक्षा लवकर असह्य होतो. "ऐकू येत नाही" आणि "कान फुटतील" ही आजींची दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी होती. त्यांना आवाज मोठा नको होता, स्पष्ट हवा होता. ते ध्यानात आल्यावर मुलाने फेडर थोडा मागे घेतला, खर्ज दोन घरे उतरवला आणि ट्रेबल दोन घरे चढवला. या शेवटच्या दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही.

त्यानंतरच्या पुण्याच्या फेरीत पूर्वी तिसाच्या टोकाला भिडणारे बटण सोळावर होते. टेंभुर्णी गेल्यावर आजी मागून म्हणाल्या, "आता गाणारा काय म्हणतो ते कळतं." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "अजून जरा कमी केलंस तरी चालेल."